एक भर, एक सोड

आमच्या लहानपणी दिवाळीतलं टिकल्यांचं पिस्तूल दोन दिवसांत मोडायचं. पत्र्याचंच ते. स्प्रिंग निसटायची, नाहीतर टिकलीवर आपटणारा घोडा वाकडा होऊन बसायचा. पण टिकल्यांच्या गुंडाळ्या उरलेल्या असायच्याच, आणि त्या पुढच्या वर्षापर्यंत सादळणार हे आम्हाला अनुभवाने माहीत होतं. मग अंगणाच्या पायरीवर टिकली ठेवायची आणि वरून दगड हाणायचा. आवाज तोच, वास तोच. पिस्तुलाचं काही अडत नव्हतं.

आपल्याला कोण मारतंय याच्याशी टिकलीला काही देणंघेणं नसतं, हे मला त्या पायरीवर कळलं. कामाला आलं ते तीस वर्षांनी, ॲरिझोनातल्या वाळवंटात.

फिनिक्सच्या उत्तरेला बेन एव्हरी नावाचं नेमबाजीचं भलंमोठं मैदान आहे. राज्याचं वन्यजीव खातं ते चालवतं. ऑफिसातला एक सहकारी मला पहिल्यांदा तिथे घेऊन गेला तो ‘काउबॉय’ नेमबाजी बघायला. हा एक वेगळाच पंथ आहे. १९८७ मध्ये या लोकांची संघटना कॅलिफोर्नियात स्थापन झाली. नियम असा की, हत्यार एकोणिसाव्या शतकाच्या धाटणीचं हवं, कपडेही त्याच काळातले हवेत आणि नाव खोटं हवं. प्रत्येकाने टोपणनाव घ्यायचं आणि त्याच नावाने वावरायचं. बघतो तर पन्नाशी-साठीची मंडळी वेस्टकोट, घड्याळाच्या साखळ्या आणि झालरीचे घेरदार झगे घालून उन्हात उभी, आणि शेजारी प्रत्येकाची थंड पाण्याची पेटी. गावच्या जत्रेत दशावताराच्या मंडपामागे जसं राजे आणि राक्षस एकत्र बसून चहा पितात, तसं दृश्य.

मी तेव्हा एच-वन-बी व्हिसावर होतो. शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद सोडले तर अशा व्हिसावरच्या माणसाला इथला केंद्रीय कायदा बंदूकच काय, काडतूसही बाळगू देत नाही. त्यामुळे पहिली काही वर्षं माझ्या हातात फक्त पेन्सिल होती. मी गुण लिहायचो. आता वाटतं, फार बरं झालं. हात रिकामे असले की डोळे बरंच काही शिकतात.

गुण लिहिता लिहिता मी बघत राहायचो ते भरणीचं टेबल. नेमबाजीच्या रेषेवर जाण्याआधी प्रत्येकाला या टेबलावर, नळी मातीच्या बांधाकडे ठेवून, आपापली हत्यारं भरावी लागतात. टेबलापाशी एक म्हातारे गृहस्थ असायचे. विजेच्या तारांवर आयुष्यभर काम करून निवृत्त झालेले, बोटं खारकेसारखी. त्यांचं टोपणनाव सांगत नाही. मनातल्या मनात मी त्यांना काका म्हणायचो. काका कोणाच्याही चेहऱ्याकडे बघत नसत. त्यांची नजर फक्त हातांवर. आणि कोणी नवखा आला की ते एकच पालुपद सुरात म्हणायचे. त्याचं मराठी मी पुढे माझ्यापुरतं करून घेतलं:

एक भर, एक सोड, चार भर, घोडा ओढ, अलगद सोड.

सहा घरांची सहाबारी आणि भरायची पाचच काडतुसं. सहावं घर रिकामं, आणि ते रिकामं घर बरोबर घोड्याखाली आलं पाहिजे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे देवाला नैवेद्य बाजूला काढून ठेवण्यापैकी वाटलं. तसं नव्हतं.

कोल्टचं सिंगल ॲक्शन आर्मी हे १८७३ चं रिव्हॉल्व्हर. ते कनेटिकटमधल्या हार्टफर्डला बनलं आणि अमेरिकन लष्कराने त्याच वर्षी घोडदळासाठी स्वीकारलं. सिंगल ॲक्शन म्हणजे नुसता चाप ओढून काही होत नाही. दर वेळी घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागतो. आता त्या घोड्याचं टोक बघा. त्यावर एक बोथट सुई कायमची बसवलेली असते, चोचीसारखी. घोडा पूर्ण खाली असला की ही चोच चौकटीच्या भोकातून आत जाते आणि समोरच्या घरातल्या काडतुसाच्या बुडाला जाऊन टेकते. काडतुसाच्या बुडाला असतो प्राइमर. म्हणजे आपली टिकली.

म्हणजे सहाही घरं भरून, घोडा खाली सोडून रिव्हॉल्व्हर कमरेला लावलं, तर टिकलीवर खिळा टेकवून ठेवलाय आणि खिळ्याचं डोकं बाहेर उघडं आहे, अशी अवस्था. त्या डोक्यावर फक्त काहीतरी पडायचा अवकाश. साधारण एक किलोचं ते धूड कमरेच्या उंचीवरून फरशीवर घोड्याच्या बाजूने आपटलं, तर तेवढा घाव प्राइमरला पुरून उरतो. चाप शाबूत, त्याला कोणी बोटही लावलेलं नाही. तरी गोळी सुटते.

‘मग त्याला सेफ्टी नाही का?’ हा प्रश्न मीही विचारला होता. आहे की. घोडा मागे ओढताना चार आवाज येतात. कट्, कट्, कट्, कट्. जुने शौकीन म्हणतात, ते रिव्हॉल्व्हर स्वतःचं नाव उच्चारतं: सी, ओ, एल, टी. पहिल्या कट्‌ला घोडा जरासा उचलला जाऊन एका खाचेत अडकतो आणि सुई काडतुसापासून दूर होते. ही सुरक्षेची खाच. दुसऱ्याला अर्धा घोडा. यात सहा घरांचा सिलिंडर मोकळा फिरतो आणि उजवीकडची झडप उघडून काडतुसं एकेक करून भरता येतात. तिसऱ्याला सिलिंडर अडवणारी खिटी खालून उसळून त्याच्यावर टेकते, चौथ्याला घोडा पूर्ण चढतो.

घोळ आहे तो पहिल्या खाचेत. घोड्याच्या बुडाला कोरलेली ही एवढीशी खाच, आणि तिच्यात अडकणारं चापाचं टोक नखाच्या कडेइतकं पातळ. वरून दणका बसला तर खाच तरी तुटते, नाहीतर टोक तरी. काकांच्या पेटीत असा एक तुटका घोडा होता. नवख्याने ‘पण सेफ्टी आहे ना?’ असं म्हटलं की ते काही न बोलता तो घोडा त्याच्या तळहातावर ठेवायचे. मी खाचेच्या जागी बोट फिरवून बघितलं होतं. दाताचा टवका उडाल्यावर जिभेला लागतं तसं काहीतरी बोटाला लागलं.

रिव्हॉल्व्हर घेऊन हिंडणाऱ्या माणसाच्या घोड्यावर काय पडतं? गुराख्यांच्या मुलखातलं नेहमीचं उदाहरण म्हणजे रिकीब, खोगिराला लटकणारी पाय ठेवायची कडी. इथे मराठीची गंमत होते, कारण प्रसंग दोन घोड्यांचा आहे. खोगीर चढवल्यावर तंग आवळायचा तर रिकीब मध्ये येते, म्हणून ती वर उचलून खोगिराच्या शिंगाला अडकवतात. माणूस वाकून तंग ओढतोय, जनावर पोट फुगवून हैराण करतंय, तेवढ्यात वर अडकवलेली ती जड लाकडी रिकीब निसटते आणि सरळ खाली येते. खाली काय आहे? वाकलेल्या माणसाच्या कमरेचं रिव्हॉल्व्हर आणि त्याचा वर आलेला घोडा. नळीचं तोंड मांडीच्या, गुडघ्याच्या, पावलाच्या दिशेने. या घोड्याची रिकीब त्या घोड्यावर. दवाखाना दीड दिवसाच्या वाटेवर.

पण माझं आवडतं उदाहरण रानातलं नाही, दारूच्या गुत्त्यातलं आहे. ९ जानेवारी १८७६, रविवारची रात्र, कॅन्ससमधलं विचिटा गाव. एका सलूनच्या मागच्या खोलीत गावचा एक पोलीस दोन-तीन जणांबरोबर बसला होता. बसल्या बसल्या त्याचं रिव्हॉल्व्हर म्यानातून घसरलं, पडताना घोडा खुर्चीवर आपटला आणि बार उडाला. गोळी त्याच्या कोटातून आरपार गेली, उत्तरेच्या भिंतीला लागून उसळली आणि छतातून बाहेर पडली. खोलीत पळापळ झाली. एकाला तर वाटलं, बाहेरून कोणीतरी खिडकीतून गोळी झाडली. स्थानिक वर्तमानपत्राने हे सगळं मिश्किलपणे छापलं आणि छापताना पोलिसाचं आडनावही चुकवलं. तो पोलीस म्हणजे वायट अर्प. पुढे ॲरिझोनातल्या टूमस्टोन गावच्या चकमकीमुळे दंतकथा होऊन बसलेला, पश्चिमेतला सगळ्यात प्रसिद्ध बंदूकवाला.

अर्प १९२९ मध्ये गेला. दोन वर्षांनी निघालेल्या त्याच्या गाजलेल्या चरित्रात जाणकार बंदूकवाले सहापैकी पाचच घरं भरत, असं त्याच्याच तोंडी ठामपणे घातलेलं आहे. या विसंगतीवर इकडचे लोक हसतात. मला त्यात ढोंग दिसत नाही. कोटाला भोक पडल्यावर मीही पाचच भरली असती, आणि पुढे म्हातारपणी कोणी विचारलं असतं तर ‘पहिल्यापासून पाचच’ असं खुशाल सांगितलं असतं. कोणती सवय कोणत्या फजितीतून लागली, हे माणूस सहसा सांगत नाही.

आता जे सांगायचंय ते ऐकून बंदुकांतलं कळणारे लोक माझ्यावर चिडतात. मला १८७३ चं ते रिव्हॉल्व्हर या एका बाबतीत मागे गेलेलं वाटतं. आधीच्या, म्हणजे दारू ठासून भरायच्या रिव्हॉल्व्हरांत ही सोय होती. कोल्टच्याच १८५१ आणि १८६० च्या नमुन्यांत सिलिंडरच्या पाठीवर दोन घरांच्या मधोमध बारीक खुंट्या असत आणि घोड्याच्या तोंडाला त्यांच्यापुरती खाच. घोडा त्या खुंटीवर टेकवायचा. सहाही घरं भरलेली, पण घोडा कोणाच्याच डोक्यावर नाही. रेमिंग्टनने खुंटीऐवजी मधल्या जागेत खाचाच पाडल्या होत्या. मग धातूची काडतुसं आली, सिलिंडर आरपार पोकळ झाला, काडतुसांच्या कडा एकमेकींना जवळजवळ भिडल्या आणि मधली टेकायची जागा गेली. सुई दोन कडांच्या मध्ये टेकवून सहाही भरून हिंडणारे महाभाग तेव्हाही होते, आजही असतील. पण सिलिंडर जरासा सरकला की सुई पुन्हा टिकलीवर. भरणं सोपं झालं, पण टेकायला जागा राहिली नाही. म्हणून माणसाने एक घर रिकामं ठेवून ती जागा परत मिळवली.

हे वाचताना मला आजोबांची ठासणीची बंदूक आठवली. कुडाळकडच्या आमच्या गावात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर बऱ्याच घरांत अशी बंदूक असायची. भात पोटरीला आलं की रात्री रानडुकरं उतरायची. आजोबा संध्याकाळीच दारू ठासून ठेवत, पण घोड्याखाली बसवायची तांब्याची इवलीशी टोपी मात्र वेगळी, तपकिरीच्या रिकाम्या डबीत, आणि डबी कमरेच्या पंचाला. मळ्यात पोचून, डुकरांची चाहूल लागून, बंदूक खांद्याला लागायच्या जरा आधी टोपी चढायची. डुक्कर निघून गेलं की टोपी पुन्हा डबीत. मी एकदा बंदुकीला हात लावला तेव्हा ‘रिकामीच हा मां?’ असं विचारलं होतं. आजोबांनी माझा हात बाजूला केला. म्हणाले, “बंदूक रिकामी कधीच नसता.”

त्यांनी कोल्टचं नावही ऐकलं नसेल. पण डबीतली टोपी आणि सोडलेलं घर, दोन्हींमागचा विचार एकच. घाव आणि टिकली यांच्यामध्ये काहीतरी नसलेलं ठेवायचं.

यथावकाश ग्रीन कार्ड आलं. त्यानंतर वर्षभराने मी माझं पहिलं रिव्हॉल्व्हर घेतलं, इटलीत बनलेली कोल्टची नक्कल. अशा नकला बऱ्याच जणांकडे असतात, कारण अस्सल कोल्टची किंमत ऐकून घरी सांगायची हिंमत होत नाही. १९६८ च्या कायद्यानंतर आयात होणाऱ्या हँडगनमध्ये सुरक्षेची काहीतरी युक्ती असावी लागते. माझ्या रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडरचा आसच एक खाच जास्त आत ढकलला की घोडा पूर्ण खाली जात नाही. कागदोपत्री व्यवस्था. ही वापरताना मी अजून कोणाला पाहिलेलं नाही.

आणि मग ती सकाळ.

नोव्हेंबर होता. बोटं गारठलेली, गळ्यात नवा रुमाल, आणि मागे रांगेत दोन जण. मी टेबलाशी उभा राहिलो, घोडा अर्धा चढवला, झडप उघडली. एक भरलं. सिलिंडर फिरवला, एक घर सोडलं. मग एक, दोन, तीन, चार. मागच्याने हवामानाबद्दल काहीतरी विचारलं, मी उत्तर दिलं, आणि बोलता बोलता बोटांनी सिलिंडर एक कट् पुढे ढकलला. सवयीने. भरताना प्रत्येक काडतुसामागे तो ढकलायचाच असतो, तसाच. झडप लावली, घोडा पूर्ण ओढला, अंगठ्याने धरून, चाप दाबून, अलगद खाली सोडला.

हिशेब करा. चौथं भरल्यावर घोडा ओढला की सिलिंडर स्वतःहून एक घर पुढे सरकतो आणि रिकामं घर घोड्याखाली येतं. पालुपदाचं सगळं गणित एवढंच. मी आधीच एक घर पुढे गेलो होतो. म्हणजे रिकामं घर घोड्याखालून निघून पुढे गेलं आणि त्याच्या जागी आलं घर सोडल्यावर मी लगेच भरलेलं काडतूस. गारठलेल्या अंगठ्याने मी घोडा सोडला होता तो त्याच्यावर. अंगठा निसटला असता तर? पालुपदाचं खरं शहाणपण मला तिथे कळलं. घोडा सोडायची क्रियाच जोखमीची असते, आणि नीट भरलं तर ती क्रियासुद्धा रिकाम्या घरावर होते. निसटला तरी कट् असा आवाज, बस्स.

मला यातलं काही तेव्हा कळलेलं नव्हतं. मी रिव्हॉल्व्हर म्यानात घालायला उचलणार, तेवढ्यात काकांचा हात टेबलावर आडवा आला.

“थांब. किती भरलीस?”

“पाच.”

“डबा दाखव.”

पन्नास काडतुसांचा नवा डबा. पंचेचाळीस उरलेली. काकांची ही जुनी युक्ती. पाचाने भाग जायला हवा. सहा भरणारा तिथे सापडतो.

“आकडा बरोबर आहे,” ते म्हणाले. “जागा?”

सिलिंडर आणि त्याच्या मागची भिंत यांच्यात बारीक फट असते. बाजूने उजेडाकडे धरून बघितलं की काडतुसांच्या पितळी कडा दिसतात, आणि जिथे कड नाही तिथे नुसती फट. मी मान वाकडी करून बघितलं. घोड्याखाली पितळ चमकत होतं.

त्या वेळचा माझा आवाज कसा निघाला असेल कोण जाणे. काका मात्र अगदी सावकाश म्हणाले, “नळी बांधाकडे. घोडा अर्धा. झडप उघड. सगळी बाहेर काढ. पहिल्यापासून.” पाचही काडतुसं मी टेबलावर एका ओळीत उभी केली. घोड्याखाली आलेलं कोणतं हे आता ओळखू येत नव्हतं, सगळी सारखीच. तसाच टेबल सोडून निघालो असतो तर त्या फेरीतून बाद झालो असतो. मागचे दोघं गप्प उभे होते. कोणी हसलं नाही, आणि त्याचंच मला जास्त लागलं.

त्या दिवसापासून भरताना मी कोणाशी बोलत नाही. उद्धट म्हणतात. म्हणोत.

या प्रश्नावर यांत्रिक तोडगा नाही असं नाही. घोडा आणि सुई वेगवेगळ्या करायच्या आणि मध्ये एक पट्टी ठेवायची. चाप ओढलेला असेल तरच पट्टी वर येते आणि घोड्याचा घाव सुईपर्यंत पोचवते. चाप सुटला की पट्टी खाली, मग घोड्यावर घण घाला. लग्नाच्या बोलणीतल्या मध्यस्थासारखी ही पट्टी: तिने निरोप नेला नाही तर दोन्ही घरं आपापल्या जागी. ही कल्पना काही काल-परवाची नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या आयव्हर जॉन्सन कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशा रिव्हॉल्व्हरची जाहिरातच ‘घोड्यावर हातोडा मारून बघा’ अशी केली होती. पण काउबॉय धाटणीच्या सहाबारीत ही पट्टी यायला १९७३ उजाडलं. रुगर कंपनीने १९५३ पासून अशी रिव्हॉल्व्हरं नव्याने काढली होती. आतल्या स्प्रिंगा त्यांनी सुधारल्या, पण घोडा जुन्याच पद्धतीचा ठेवला, म्हणजे दणक्याची भीती तीच. बहात्तरपर्यंतच्या या जुन्या नमुन्यांना बाजूच्या तीन स्क्रूंवरून ‘थ्री स्क्रू’ म्हणतात. १९७३ मध्ये पट्टीवाला नवा नमुना आला. जुना नमुना हातातून निसटून उडालेल्या बारांवरून खटले झाले. अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयात त्यातला एक १९७९ मध्ये निकाली निघाला. १९८२ पासून जुन्या रिव्हॉल्व्हरात पट्टी बसवून द्यायचं काम कंपनी फुकट करते, आणि काढलेले मूळ भाग पिशवीत घालून परत पाठवते.

ती पिशवी का परत पाठवतात? कारण संग्राहकांना रिव्हॉल्व्हर मूळ रूपात हवं असतं. पट्टी बसवलेल्याची किंमत उतरते. पिशवी बरोबर असेल तर थोडी सावरते. धोका काढून टाकला की भाव कमी होतो! यावर मी बराच विचार केला आहे आणि अजून मला राग येतो. तिजोरीत ठेवायचं असेल तर ठेवा मूळ रूपात. पण जे कमरेला लागणार, त्याला पट्टी हवीच.

कोल्टने मात्र आपल्या मूळ रिव्हॉल्व्हरात आजतागायत पट्टी घातलेली नाही. ते घेणाऱ्याने पाचच भरायची.

काका त्यांच्या मेव्हण्याच्या कुरणावर कुंपणं बघायला जायचे तेव्हा कमरेला असंच जुनं रिव्हॉल्व्हर असायचं. त्यांचं म्यान मी नीट बघून घेतलं होतं. मुठीपर्यंत येणारं जाड, शिवणीला मेण घासलेलं चामडं. चाप पूर्ण झाकलेला, आणि वरून चामड्याची एक वादी घोड्यावर अडकवायची. बसा, वाका, ट्रकमध्ये चढा, रिव्हॉल्व्हर जागचं हलत नाही. विचिटाच्या त्या म्यानावर अशी वादी असती तर वर्तमानपत्राला बातमी मिळाली नसती. सिनेमातली मांडीवर लोंबणारी, अर्धं रिव्हॉल्व्हर उघडं टाकणारी म्यानं ही हॉलिवूडची भर. एकोणीसशे पन्नासच्या दशकात टीव्ही बघून झटक्यात रिव्हॉल्व्हर उपसायचं वेड पसरलं, तेव्हा खऱ्या काडतुसांनी सराव करणाऱ्या कितीतरी शूरांनी स्वतःच्याच पायात गोळ्या घालून घेतल्या. मग त्या खेळाच्या क्लबांनी मेणाच्या गोळ्या आणल्या.

रिकाम्या घराबद्दल एक लोककथाही आहे. म्हणे गुराखी त्या घरात पाच डॉलरची नोट गुंडाळून ठेवायचा, आपल्या दफनाच्या खर्चासाठी. मला ही गोष्ट शंभर टक्के रचलेली वाटते. एकदा बार उडाला की शेजारच्या घरातली नोट जळकी आणि काळी होणार. ज्याच्याकडे नोट राखून ठेवण्याइतके पैसे आहेत तो ती बुटात ठेवील. पाच काडतुसांना ‘चाकातले पाच दाणे’ म्हणतात, ते मात्र मला आवडतं. त्यात कुठेतरी चिमणीचा घास आहे.

भारतातून कोणी आलं की आम्ही त्यांना टूमस्टोनला नेतो. तीन तासांवर आहे, आणि ग्रँड कॅन्यनपेक्षा बरं, कारण लवकर संपतं. तिथे नट रोज चकमक करून दाखवतात. गेल्या वर्षी वडील आले होते. खोट्या गोळीबाराला त्यांनी कान झाकले, मग पाटी वाचत उभे राहिले. १८८१ च्या एप्रिलमध्ये गावाने नियम केला होता: गावात हत्यार घेऊन फिरायचं नाही, आल्या आल्या तबेल्यात किंवा हॉटेलात जमा करायचं. २६ ऑक्टोबरची ती जगप्रसिद्ध चकमक सुरू झाली ती या नियमाच्या अंमलबजावणीवरून. आज त्याच राज्यात एकवीस वर्षांवरचा माणूस परवान्याशिवाय रिव्हॉल्व्हर लपवून बाळगू शकतो. कायदा २०१० चा.

“म्हणजे आपल्याकडे निवडणुकीत पोलीस स्टेशनला जमा करतात तसं,” वडील म्हणाले. आजोबांची बंदूक दर निवडणुकीला अशी जमा व्हायची. ऐन डुकरांच्या दिवसांत मतदान आलं की आजोबा डबे वाजवत मळ्यात बसायचे.

मग परतीच्या वाटेवर, गाडीत, त्यांनी विचारलं, “आणि ती डबी तुझ्याकडे आहे ना?” आहे. तपकिरीचा वास अजून येतो. तिच्यात मी कान झाकायचे बोळे ठेवतो.

२१ ऑक्टोबर २०२१ ला न्यू मेक्सिकोत सांता फेजवळ एका वेस्टर्न सिनेमाच्या सेटवर इटालियन बनावटीच्या अशाच नकलेतून गोळी सुटली आणि छायाचित्रणकार हलिना हचिन्स गेल्या. तेव्हा गावाकडून सगळ्यांचे फोन आले, ‘तुझ्याकडे हेच आहे ना?’ हेच आहे. पण तिथला प्रश्न घोड्याखालच्या घराचा नव्हता. जिथे एकही खरं काडतूस असायला नको, तिथे ते होतं. मी एवढंच सांगितलं आणि फोन ठेवला. त्या आठवड्यात मैदानावर गेलो नाही.

आता माझ्याकडे पट्टीवालं एक नवं रिव्हॉल्व्हरही आहे. त्यात सहा भरली तरी यंत्राला चालतात. आमच्या खेळाचे नियम मात्र त्यालाही पाचच भरू देतात, आणि मला ते पटतं. बोटांना दोन पालुपदं शिकवायची नसतात. नवं हातात असताना सहाची सवय लागली, तर जुनं हातात येईल तेव्हा बोटं विचारायला थांबणार नाहीत. शिवाय पन्नासाचा डबा पाच-पाच करत बरोबर संपतो. सहाने दोन उरतात.

काका हल्ली टेबलावर नसतात. गुडघे गेले. पलीकडे रिकामं करायच्या टेबलाजवळ खुर्ची टाकून बसतात. खेळून आलेल्याने तिथे एकेक घर झडपेसमोर आणून टरफलं बाहेर ढकलायची आणि मग सिलिंडर फिरवून दाखवायचा. परवा मी पाच टरफलं काढली. गरम होती, टेबलावर घरंगळली. सिलिंडर फिरवायला लागलो. काका पुढे वाकले, चष्मा कपाळावर सरकवला आणि झडपेतून एकेका घरात बघू लागले. एक, दोन, तीन, चार, पाच. मी सिलिंडर थांबवला.

“अजून एक,” ते म्हणाले.

“ते मी भरलंच नव्हतं.”

ते काही बोलले नाहीत, नुसते वाकून राहिले. मी सिलिंडर आणखी एक कट् फिरवला. त्यांनी सहाव्या घरात डोळा घातला, आतून आरपार दिसणारा बांधाचा उजेड बघितला, आणि पुढच्याला हाक मारली.